धूर, मळी आणि ट्रेभर गणंग

बीन्सचा तो ट्रे पाच तास स्मोकरमध्ये, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद आचेने पदार्थ शिजवणाऱ्या बंद शेगडीत, होता. रस्सा काळपट, दाट आणि चकचकीत झाला होता, कडेला छान खरपूस पापुद्रा धरला होता, हिकरीच्या लाकडाच्या धुराचा वास कुंपणापलीकडे पोचला होता. मी चमचाभर बीन्स तोंडात टाकल्या आणि पहिलाच दाणा कटकन वाजला. दुसराही. माझ्या आईच्या भाषेत सांगायचं तर ट्रेभर गणंग.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तिथे परसापरसांत बार्बेक्यू पेटतं. मांसाच्या जोडीला धुरावलेल्या बेक्ड बीन्स लागतातच, आणि त्या घरी करणं सोपं आहे असं मला वाटलं होतं. रात्रभर भिजवलेल्या बीन्स, त्यात मळी, ब्राऊन शुगर, टोमॅटो केचप, मोहरीचं सॉस, सफरचंदाचं व्हिनेगर, कांदा, वर बेकनच्या (खारवून धुरावलेल्या डुकराच्या मांसाच्या) पट्ट्या, आणि ट्रे गेला धुरात. चूक कुठे झाली हे मला खरं तर लगेच कळायला हवं होतं. चिंचगुळाच्या आमटीत डाळ बोटचेपी झाल्याशिवाय चिंचेचा कोळ पडत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आधी आंबट घातलं की डाळ अडून बसते. मी नेमकं तेच केलं होतं, फक्त परदेशी बाटल्यांतून.

बीन्स तरी कुठे परक्या आहेत! बेक्ड बीन्ससाठी वापरतात त्या बारीक पांढऱ्या नेव्ही बीन्स (अमेरिकी नौदलाच्या जेवणात त्या वर्षानुवर्षं असायच्या, म्हणून हे नाव), आपला राजमा, कोवळ्या शेंगांची भाजी करतो तो श्रावणघेवडा आणि साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा ही सगळी एकाच जातीची भावंडं. वनस्पतिशास्त्रात तिला फॅसिओलस व्हल्गॅरिस म्हणतात. मूळची ही अमेरिका खंडातली, कोलंबसानंतर जगभर गेली.

आता दाणा शिजतो म्हणजे काय होतं ते बघू. दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात त्या पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने. उष्णतेने आणि पाण्याने हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटांत चेपला जातो. पण पेक्टिनच्या लांबलचक साखळ्यांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन एकमेकींशी टाचून ठेवतात, कापडाचे दोन थर टाक्यांनी जोडावेत तसे. टाके जितके जास्त, तितका दाणा हट्टी. आम्लामुळे पेक्टिनचं विरघळणं आणखी मंदावतं. आणि पाण्यात साखर भरपूर असेल, तर दाण्यातला स्टार्च फुगायलाही वेळ लागतो.

मळीत हे तिन्ही गुण एकत्र आहेत. मळी म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आणि त्यामागची डिस्टिलरी आठवते, पण इथे खाण्याची मळी बाटलीत मिळते. चवीला ती काकवीची कडवट, काळी थोरली बहीण. तिच्यात साखर आहे, किंचित आम्लता आहे आणि १०० ग्रॅममागे सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, म्हणजे दुधापेक्षाही जास्त. मॅग्नेशियम त्याहून थोडं अधिकच. वर केचप आणि व्हिनेगर. कच्च्या दाण्याला न शिजू देण्याचा इतका पक्का बंदोबस्त ठरवूनही करता आला नसता.

गंमत अशी की या पदार्थाची सगळी करामत याच बंदोबस्तात आहे. नुसत्या पाण्यात सहा-सात तास शिजवलेल्या बीन्सचा लगदा होईल. पण आधी मऊ करून मग मळीत टाकलेला दाणा तिथेच थांबतो. कितीही वेळ आचेवर राहिला तरी सालीसकट अख्खा राहतो, आणि तेवढ्या वेळात रस मुरत जातो. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या बॉस्टनच्या मुलखातल्या, प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या घरांत रविवारी, म्हणजे त्यांच्या सब्बाथला, काम वर्ज्य होतं. म्हणून शनिवारी मातीच्या पोटफुग्या भांड्यात बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस आणि मळी घालून ते तासन्‌तास भट्टीत राहू द्यायचं, अशी रीत पडली. मळी कॅरिबियन बेटांवरच्या उसाची, गुलामांच्या श्रमातून आलेली. बॉस्टनमध्ये ती इतकी यायची की तिची रम व्हायची आणि उरलेली जेवणात जायची. या शहराला ‘बीनटाऊन’ म्हणतात ते यामुळेच. १५ जानेवारी १९१९ ला तिथली मळीची एक अजस्र टाकी फुटली, सुमारे ८७ लाख लिटर मळी रस्त्यांवर लोटली आणि २१ माणसं दगावली. ती मळी मात्र खाण्याची नव्हती, औद्योगिक अल्कोहोलसाठी आणलेली होती.

तर आधी शिजवायचं, मग आंबटगोड. भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे सपाट मोठा चमचा मीठ घातलं तर काम आणखी सोपं होतं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि टाके सैल होतात. (‘मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही’ हा समज भिजवणीच्या बाबतीत तरी खरा नाही.) चिमूटभर खाण्याचा सोडाही चालतो, पण हात सैल सुटला तर साबणासारखी चव येते. आणि बीन्स दोन-तीन वर्षं गरम, दमट कपाटात पडून असतील तर मीठ-सोडा दोन्ही हरतात. अशा जुन्या दाण्यात फायटेट हे दाण्यातलंच फॉस्फरसचं संयुग हळूहळू फुटतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि पेक्टिनला जाऊन टाचतं. खरे गणंग जन्मतात ते असे, कपाटात.

माझ्या त्या ट्रेत कडकपणापेक्षाही वाईट काहीतरी होतं. राजम्याच्या या सगळ्या कुळात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्या जातींत कमी, पण असतं. कच्चे चार-पाच लाल दाणेही ओकाऱ्या-जुलाब सुरू करू शकतात. खळखळ उकळीने हे प्रथिन मोडतं. कोमट आचेने मोडत नाही. उलट ८० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो.

‘पण स्मोकर तर ११० अंशांवर होता,’ असं मी स्वतःशी म्हटलं होतं. होता, पण तो हवेचा आकडा. उघड्या ट्रेतलं पाणी सतत वाफ होऊन उडत असतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार राहतं तसंच. त्यामुळे रस्सा उकळीपर्यंत पोचतच नाही. आमचे नशीब की कडक म्हणून कुणी खाल्ल्या नाहीत. तेव्हापासून भिजवणीचं पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं, खरं तर अर्धा तास दणदणीत उकळी द्यायची, मग मंद आचेवर मऊ होऊ द्यायचं, हे मी ठरवून टाकलं आहे. डब्यातल्या बीन्स डब्यातच पुरेशा तापवलेल्या असतात, त्यांना ही भानगड नाही.

शिजल्या की नाही ते बघण्याची बॉस्टनकडची एक जुनी खूण मला फार आवडते. चमच्याच्या टोकावर चार दाणे घ्यायचे आणि फुंकर मारायची. साल तडकून मागे सरली तर दाणे तयार.

उरला धूर. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं निघतात. धुरट चव आणि वास मुख्यतः यांचा. हिकरी, ओक, सफरचंद अशा कठीण लाकडांत दोन्ही मिळतात. पाइनसारख्या मऊ लाकडात सिरिंगॉल जवळपास नसतं आणि राळेचा कडवटपणा वर येतो. म्हणून सुतारकामातले उरलेले तुकडे शेगडीत टाकू नयेत. धुराकडे नजर ठेवावी. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड धुमसतंय, त्याला हवा कमी पडतेय. असा धूर बीन्स कडू करतो. हवा पुरेशी असली की धूर विरळ, निळसर दिसतो. त्यातले कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं तेही याच पद्धतीने.

हा धूर रश्श्यात खोलवर शिरत नाही, वरच्या ओल्या थरात विरघळतो आणि तिथेच थांबतो. म्हणून खोल पातेलं इथे फुकट. पसरट, उथळ ट्रे हवा, झाकण नको, आणि दर अर्ध्या तासाने तळापासून ढवळायचं म्हणजे नवा थर वर येतो. थंड पृष्ठभागावर धूर जास्त बसतो, तेव्हा ट्रे फ्रिजमधून थेट स्मोकरमध्ये गेला तरी बिघडत नाही. धुरातली ही संयुगं पाण्यापेक्षा चरबीत जास्त रमतात. बेकनच्या पट्ट्या केवळ चवीसाठी नसतात, त्यांची वितळलेली चरबी धूर पकडून ठेवते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीकडचे लोक भाजलेल्या ब्रिस्केटचे (गाईच्या छातीकडच्या मांसाचे) काळे खरपूस तुकडेच बीन्समध्ये टाकतात. काहीजण ट्रे मांसाच्या बरोबर खाली ठेवतात, वरून ठिबकणारं सगळं थेट आत. बेकन न खाणाऱ्यांसाठी मी दोन चमचे लोणी घालते. चव तितकी जाड होत नाही, पण धूर धरला जातो.

आधी शिजवलेल्या बीन्सना स्मोकरमध्ये अडीच-तीन तास पुरतात. खाऊन उरल्या तर ट्रे रात्रभर ओट्यावर ठेवू नये, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्यावा. आणि काचेच्या डब्यात. मी एकदा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्याच डब्यात श्रीखंड भरलं, तर पाहुण्यांनी विचारलं, यात वेलचीऐवजी काय घातलंय?