सर्व्हर बंद होईना, तेव्हा तो काय करत असतो?

दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते. ऐन गर्दीत लाइट जाते, यूपीएस ओरडू लागतो आणि अडतीवरचा ऑपरेटर डेटाबेस सर्व्हरला थांबायचा हुकूम देतो. पण प्रोसेस काही संपत नाही. बॅटरी उतरत असते, म्हणून हात 'किल -९' कडे, म्हणजे प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) जबरदस्तीने संपवणाऱ्या हुकुमाकडे जातो. तो हात थोडा आवरावा, असं मला मनापासून वाटतं. अडकलेला वाटणारा सर्व्हर बहुतेकदा कामात असतो, नाहीतर कुणाची तरी वाट पाहत असतो.

अडतीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो, खतावणी मागाहून होते. डेटाबेसचंही तसंच चालतं. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये नोंदवला जातो. टेबलांची पानं मेमरीत बदलतात आणि सवडीने डिस्कवर जातात. नीट बंद होताना अशी राहिलेली सगळी पानं डिस्कवर उतरवावी लागतात. यालाच चेकपॉइंट म्हणतात. मेमरी मोठी आणि डिस्क जुनी असेल, तर त्याला वेळ लागणारच.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमवर प्रोसेसला नंबरचे सिग्नल, म्हणजे इशारे पाठवता येतात. १५ नंबरचा सिग्नल म्हणजे विनंती. प्रोग्रॅम तो ऐकतो आणि आवराआवर करतो. ९ नंबरचा सिग्नल प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, थेट त्याला संपवतो. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा सिस्टमडी हा प्रोग्रॅम सहसा ९० सेकंद वाट पाहून स्वतःच ९ पाठवतो. मोठ्या डेटाबेसला ही मुदत अपुरी पडू शकते. ती हंगामाआधीच वाढवून ठेवलेली बरी.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक खास मेख आहे. त्याच्या मुख्य प्रोसेसला १५ पाठवला, तर तो नवी कनेक्शन नाकारतो, पण जुनी सुटेपर्यंत थांबून राहतो. मुनीम बिलाची खिडकी उघडी ठेवून जेवायला गेला असेल, तर सर्व्हर त्याच्यासाठी खोळंबतो. अशा वेळी २ नंबरचा सिग्नल द्यावा. अर्धवट व्यवहार रद्द होतात, कनेक्शन तुटतात आणि चेकपॉइंट होऊन सर्व्हर रीतसर बंद होतो. बॅटरी अगदीच संपत आली असेल, तर ३ नंबर. त्यात चेकपॉइंट होत नाही, पण मुख्य प्रोसेसने सुरू केलेल्या पोटातल्या प्रोसेसनाही निरोप जातो. ९ दिला तर मुख्य प्रोसेसला तेवढीही सवड मिळत नाही.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये वेगळं दुखणं दिसतं. लाखो ओळींचा बदल अर्ध्यावर रद्द केला, की प्रत्येक ओळ मागे फिरवावी लागते. इथे प्रोसेस मारून काहीच वाचत नाही. पुन्हा सुरू केल्यावर उरलेलं काम तिथूनच पुढे चालू होतं.

कधी कधी ९ देऊनही प्रोसेस हलत नाही. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'पीएस' या हुकुमाच्या यादीत तिच्यापुढे डी अक्षर दिसलं, तर ती कर्नलच्या आत डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या साठ्याच्या उत्तराची वाट पाहत आहे. तिथे पुन्हा पुन्हा सिग्नल मारण्यापेक्षा डिस्क आणि केबल तपासावी. झेड दिसलं, तर प्रोसेस मेलेलीच आहे. फक्त तिच्या पालकाने, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने, नोंद घेतलेली नाही.

मारलेला डेटाबेस पुन्हा उठतो तो लॉगच्या जोरावर. सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९९२ साली 'एरीज' ही पद्धत मांडली: लॉग वाचून झालेलं काम पुन्हा करायचं आणि अपुरं राहिलेलं उलटवायचं. आजचे अनेक डेटाबेस याच विचारावर उभे आहेत. पण लॉग खरोखर डिस्कवर पोचलेला असला पाहिजे. 'किल -९' नंतरही ऑपरेटिंग सिस्टमकडे गेलेलं लिखाण टिकतं. लाइट गेल्यावर ते जातं. काही डिस्क तर स्वतःच्या कॅशमध्येच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, लिखाण ठेवून 'झालं' असं कळवतात. म्हणून मराठवाड्यातल्या दुकानात चांगली बॅटरी आणि तिच्या इशाऱ्यावर आपोआप सुरू होणारं शटडाउन, दोन्ही हवीत.

आणि सर्व्हर चालू असल्याची खूण म्हणून पोस्टग्रेस ठेवतो ती 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' ही फाइल घाईने पुसू नका. आधी 'पीएस'मध्ये जुनी एखादी प्रोसेस जिवंत आहे का ते पाहा, कारण एकाच डेटावर दोन सर्व्हर लिहू लागले, तर लॉगही तो डेटा सावरू शकत नाही.