सोलापूर परिसरातील तलाव, उद्याने व माळराने

सोलापूर शहरात आणि त्याच्या भोवतालच्या टापूत लोक ज्या मोकळ्या जागी फिरायला, खेळायला, पक्षी पाहायला आणि सहभोजनाला जातात, त्या जागांची व तिथल्या प्रथांची ही नोंद आहे. शहर दख्खनच्या पठारावर, सीना नदीच्या खोऱ्यात वसले आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, जवळपास डोंगररांग नाही आणि शहराच्या मधून वाहणारी मोठी नदीही नाही. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे उन्हाळ्यात घराबाहेरचा सगळा विरंगुळा पहाटे तरी होतो, नाहीतर दिवेलागणीनंतर. किनाऱ्यावरच्या शहरांत जे काम चौपाटी करते, ते इथे तलावाच्या काठांनी आणि शहराबाहेरच्या उघड्या माळांनी केले आहे. तलावांचे महत्त्व सोलापूरकरांना ठाऊक आहे. माळांच्या वाट्याला मात्र ‘पडीक जमीन’ हीच ओळख आली, आणि ती चुकीची आहे.

शहरातील सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत गजबजलेली मोकळी जागा म्हणजे सिद्धेश्वर तलाव व त्याच्या काठचा परिसर. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांचे समकालीन. लोकांच्या श्रमातून त्यांनी हा तलाव खोदवून घेतला, अशी परंपरा आहे. तलावाच्या पाण्यात मंदिर, एका अंगाला भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि दुसरीकडे होम मैदान अशी ही रचना आहे. भुईकोट किल्ला बहमनी काळातला असून त्याला दुहेरी तट व खंदक आहे. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत आणि सावलीची झाडेही आहेत. दुपारच्या वेळी तटाच्या आडोशाला पुस्तक घेऊन बसलेले विद्यार्थी इथे नेहमी दिसतात.

किल्ल्याला लागून हुतात्मा बाग आहे. १९३०च्या सोलापुरातील उठावानंतर शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आली. या चौघांची स्मृती शहराच्या मध्यभागी बाग, चौक आणि नाट्यगृह अशा तिन्ही रूपांत आहे. जवळच पार्क मैदान, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियम. सकाळी कडेने चालणारे, मध्ये क्रिकेटचा सराव करणारी मुले आणि संध्याकाळी पार्क चौपाटीवरच्या खाऊच्या गाड्यांपुढची गर्दी, असा या भागाचा दिवस जातो. जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा रणजी सामना या मैदानावर झाला. रणजी क्रिकेट सोलापुरात अनेक वर्षांनी परतले होते.

जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा ही या परिसरातील सर्वांत मोठी घटना. बाराबंदी घातलेले भक्त उंचच उंच नंदीध्वज खांद्या-कमरेवर पेलत शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. त्या दिवशी लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, मग होम मैदानावर होमप्रदीपन आणि त्यानंतर शोभेचे दारूकाम असा क्रम असतो. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ या गजरात दिवसभर पायी चालणारी माणसे पाहिली की ही प्रदक्षिणा भक्तीइतकीच शहर ओळखून घेण्याची वाटचालही आहे, हे कळते. होम मैदानावर पाळणे, खेळण्यांची दुकाने आणि खाऊच्या पाली पुढे बरेच दिवस टिकून राहतात. ‘गड्ड्यावर जाऊन आलात का?’ हा त्या दिवसांत घराघरांतला प्रश्न असतो. सोलापूरची निवड जानेवारी २०१६मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत झाली. त्यानंतर होम मैदान व तलावाच्या परिसरात सुशोभीकरणाची कामे झाली.

विजापूर रस्त्यावरचा धर्मवीर संभाजी तलाव जुन्या सोलापूरकरांच्या तोंडी आजही ‘कंबर तलाव’ आहे. हा शहरातला पक्षी पाहण्याचा तलाव. वारकरी, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, खंड्या आणि हिवाळ्यात पाहुणी बदके पाहायला फार दूर जावे लागत नाही, काठावर उभे राहिले तरी पुरते. याच रस्त्यावर स्मृती उद्यान आणि वनविभागाचा सिद्धेश्वर वनविहार आहे. पहाटेच्या फिरस्त्यांची ही आवडती ठिकाणे.

सांडपाणी आणि जलपर्णी हे या तलावाचे जुने दुखणे. सांडपाण्यातून नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात, त्यांवर जलपर्णी झपाट्याने वाढते, पृष्ठभाग झाकून टाकते आणि खालच्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो. मग मासे मरतात. जलपर्णी काढून हा रोग बरा होत नाही, कारण मूळ नाल्यात आहे. शहरातील कोणत्याही तलावाच्या सुशोभीकरणात आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. काठ सगळीकडून दगडाने बांधून काढला की उथळ चिखल नाहीसा होतो, आणि शेकाट्या-तुतवारांसारख्या चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या पक्ष्यांना तो तलाव निरुपयोगी होतो. फिरायला पक्की वाट हवीच, पण काठाचा निम्मा भाग तरी ओबडधोबड मातीचा राहू द्यावा.

तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा किंवा एकरुख तलाव मोठा आहे. ब्रिटिश आमदानीत, १८७०च्या सुमारास, आदिला नदीवर मातीचा बांध घालून तो शेतीच्या सिंचनासाठी बांधण्यात आला. पुढे शहराच्या पिण्याच्या पाण्यालाही त्याचा आधार झाला. चांगल्या पावसाच्या वर्षी तलाव भरला की बघ्यांची रीघ लागते आणि बांधावर भाजलेली मक्याची कणसे विकणारे बसतात. दुष्काळी वर्षात हाच तलाव तळ गाठतो आणि मग कुणी फिरकत नाही.

शहर सोडून बार्शी रस्त्याला लागले की साधारण वीस किलोमीटरवर नान्नज येते. इथले माळरान महाराष्ट्राच्या निसर्ग-इतिहासात महत्त्वाचे आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर. १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात इथले काही माळ कुंपण घालून राखले गेले आणि गवत परत आले. माळढोक पक्ष्याचा वावर लक्षात आल्यावर १९७९मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. या आकड्यात गावेच्या गावे, शेते आणि रस्तेही आले. जमिनीचे व्यवहार, बांधकामे अडू लागली आणि माळढोक म्हणजे आपल्या शेतावरची जप्ती, अशी भावना शेतकऱ्यांत रुजली. २०१२मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. प्रत्यक्ष संरक्षित गवताळ माळ त्याहूनही थोडे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले आहेत.

माळढोक सुमारे मीटरभर उंचीचा, उडू शकणाऱ्या जड पक्ष्यांपैकी एक. मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, नर गळ्याची पिशवी फुगवून दूरवर ऐकू जाणारा घुमारा काढतो, त्यावरून त्याला ‘हूम’ असेही म्हणत. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कुत्री, गुरांचे खूर, नांगर यांपैकी कशानेही ते एक अंडे गेले की वर्ष गेले. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी विजेच्या तारांनाही धडकतो. देशभरात आता दीडशेच्या आत पक्षी उरले असून बहुतेक राजस्थानात आहेत. तिथे जैसलमेरजवळ २०१९पासून बंदिस्त प्रजननाचे काम चालू आहे. नान्नजमध्ये अलीकडच्या वर्षांत एखाददुसरी मादीच दिसत आली आहे.

माळढोक दिसला नाही तरी नान्नजची फेरी वाया जात नाही. काळविटांचे कळप, लांडगे, खोकड, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, हिवाळ्यात गवताला लागून उडणारे भोवत्ये आणि हवेत वर चढत गाणारे चंडोल असा हा संसार आहे. पावसाळा सरता सरता माळावर चालावे. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते गुडघ्याला लागतात, कुसळे मोज्यांत घुसून बसतात आणि दोन पावलांवर धाविक उभा असूनही मातीच्या रंगामुळे तो पळाल्याशिवाय दिसत नाही. या जमिनीला झाडांची गरज नाही. मुरमाड, उथळ मातीवर, कमी पावसात तयार झालेले गवत हीच इथली पूर्ण वाढलेली निसर्गसंपदा. तरीही हिरवाईच्या हौसेने माळांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. ज्या पक्ष्याला शत्रू लांबून दिसण्यासाठी मोकळे रान लागते, त्याच्या रानात आडोसे उभे राहिले. वृक्षारोपणाला निघणाऱ्या शाळा-मंडळांनी शहरातले रस्ते आणि शाळांची आवारे निवडावीत, माळ सोडून द्यावा. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीनेच जावे, आवाज करू नये, गाडी गवतात घालू नये.

उद्यान, अभयारण्य या सरकारी चौकटींबाहेर सोलापूरचा खरा मोकळ्या हवेतला उत्सव शेतात होतो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला (बोलीत येळवस), अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि शेजारच्या लातूर-धाराशिव भागात कुटुंबेच्या कुटुंबे शेतावर जातात. कडब्याची कोप उभारून पूजा होते. बाजरीचे उंडे, भज्जी आणि आंबील यांचे जेवण असते. ज्यांचे शेत नाही त्यांना शेतवाले बोलावतात. ‘या की येळवसला’ हे आमंत्रण औपचारिक नसते, न गेल्यास राग धरला जातो.

त्यानंतरचे आठवडे हुरड्याचे. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दाणा दुधाळ अवस्थेच्या थोडा पुढे गेला की कणसे काढतात. जमिनीत उथळ खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात आणि विस्तवात कणसे खुपसतात. भाजलेले कणीस तळहातात धरून चोळायचे, फुंकर मारून तूस उडवायचे आणि गरम हिरवे दाणे पुढच्याच्या हातावर ठेवायचे. चोळणाऱ्याचे हात काळे होतात, पोळतात, म्हणून हे काम आळीपाळीने करतात. सोबत सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरे, ताक. अलीकडे रस्त्यालगतच्या शेतांवर तिकीट लावून हुरडा पार्ट्या होतात. त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळतात हे चांगलेच आहे, मात्र जेवणाचे ताट वाढून पाहुण्याला मंडपात बसवले आणि आगटीपासून लांब ठेवले, तर हुरड्याची मजा निम्मी उरते.

दिवसभराच्या सहलीसाठी तीन ठिकाणे जुनी आहेत. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा व सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. संगमेश्वर व हरिहरेश्वर ही मंदिरे, असंख्य मुखे कोरलेले शिवलिंग आणि इ.स. १०१८चा मराठी शिलालेख, जो मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो, हे सगळे एका आवारात पाहता येते. नदीपात्रात उतरणाऱ्यांनी मात्र वाळू उपशाचे खड्डे लक्षात घ्यावेत. पुण्याच्या वाटेवर उजनी धरण आहे. १९८०मध्ये पूर्ण झालेल्या या जलाशयाच्या फुगवट्यावर, करमाळा तालुक्याच्या काठाने व पलीकडे पुणे जिल्ह्यातील भिगवणला, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. स्थानिक मच्छीमार होड्यांतून ते दाखवतात. फुगवट्याचे पाणी उतरू लागले की उथळ चिखल उघडा पडतो, तेव्हा, म्हणजे जानेवारीपासून पुढे, पक्षी जास्त दिसतात.

तिसरे नळदुर्ग. किल्ला धाराशिव जिल्ह्यात असला तरी हैदराबाद महामार्गाने तासाभरात पोचता येत असल्याने सोलापूरकर त्याला आपलाच मानतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३मध्ये, बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटातच पाणीमहाल काढण्यात आला. बोरीला पूर आला की सांडव्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात व महालाच्या खिडकीतून पाण्याचा पडदा दिसतो. नदीला पाणी आहे की नाही हे पावसावर असल्याने बरेच लोक नळदुर्गच्या ओळखीच्या माणसाला फोन करून ‘नर-मादी सुरू झाली का?’ असे विचारूनच निघतात.