क्रॉस कंट्री आणि दहा हजार मीटर: लिन जेनिंग्जचं १९९२ साल

अमेरिकेच्या लिन जेनिंग्जच्या नावावर ऑलिंपिकचं एकच पदक आहे: बार्सिलोना, १९९२, दहा हजार मीटर, कांस्य. एवढंच वाचलं तर वाटतं, चांगली धावपटू होती, पण अव्वल नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये तिने क्रॉस कंट्रीचं, म्हणजे ट्रॅक सोडून मोकळ्या मैदानातून धावायच्या शर्यतीचं, जगज्जेतेपद सलग तिसऱ्यांदा जिंकलं होतं, हे मात्र कितीतरी जणांना ठाऊक नसतं. दोन्ही शर्यती लांब पल्ल्याच्या आणि धावणारे बऱ्याचदा तेच. त्यामुळे क्रॉस कंट्री म्हणजे स्टेडियमच्या बाहेर काढलेली दहा हजार मीटर, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या. ट्रॅक सपाट, अंतर नेमकं, जगात कुठेही गेलं तरी तेच. म्हणून तिथे घड्याळाला अर्थ असतो आणि विश्वविक्रमही असतो. क्रॉस कंट्रीत पायाखाली गवत, चिखल, कधी बर्फ. चढ आला की लय मोडते, उतारावर पाय सांभाळावे लागतात, वळण निसरडं असलं की पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे आयत्या वेळी ठरवावं लागतं. प्रत्येक ठिकाणची वाट वेगळी, त्यामुळे एका शर्यतीची वेळ दुसरीशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. विश्वविक्रम नावाची गोष्टच तिथे नाही. कोण कोणाच्या पुढे आलं, एवढंच मोजायचं. शिवाय संघाचाही निकाल लागतो: ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करायची, ज्यांची सर्वांत कमी तो संघ विजेता. मागे पडलेल्या धावपटूने शेवटच्या टप्प्यात दोघींना गाठलं तरी संघाचं पदक बदलू शकतं. ट्रॅकवरच्या दहा हजारात प्रत्येकजण स्वतःपुरती धावते.

जेनिंग्ज घडली ती क्रॉस कंट्रीत. मॅसॅच्युसेट्समधल्या तिच्या शाळेत ती मुलांच्या क्रॉस कंट्री संघातून धावायची. अमेरिकेचं राष्ट्रीय क्रॉस कंट्री विजेतेपद तिने एकूण नऊ वेळा जिंकलं. जागतिक स्पर्धेत १९८६ मध्ये न्यूशातेलला झोला बडच्या मागे ती दुसरी आली. पुढे १९९० मध्ये एक्स-ले-बेनला आणि १९९१ मध्ये अँटवर्पला पहिली. ट्रॅकवर याच काळात ती चांगली होती, पण सर्वांत पुढे नव्हती. महिलांची दहा हजार मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती १९८८ ला सोलमध्ये. तिथे ती सहावी होती.

१९९२ ची जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा बॉस्टनच्या फ्रँकलिन पार्कमध्ये झाली. तिच्या घरच्या भागातलं हे मैदान, आणि त्या दिवशी जमिनीवर बर्फ. अंतर सहा किलोमीटरहून थोडंच जास्त. शेवटपर्यंत आयर्लंडची कॅथरिना मॅककिर्नन आणि पोर्तुगालची अल्बर्टिना दियाश तिच्यासोबत होत्या. जेनिंग्जने शेवटी वेग काढला आणि मॅककिर्ननला दोन सेकंदांनी मागे टाकलं. (मॅककिर्नन १९९२ पासून सलग चार वर्षं दुसरी आली. तिची हळहळ मला आजही वाटते.)

ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला चित्र अगदी वेगळं होतं. पहिला बराच वेळ ब्रिटनच्या लिझ मॅकोल्गनने वेग धरला. मग दक्षिण आफ्रिकेची एलाना मेयर सुटली, तिच्यामागे इथिओपियाची डेरार्टू टुलू गेली आणि पाहता पाहता दोघी इतरांच्या आवाक्याबाहेर गेल्या. टुलूने ३१:०६.०२ मध्ये सुवर्ण घेतलं. जेनिंग्ज तिसरी, ३१:१९.८९, चीनची झोंग हुआनदी तिच्या जेमतेम सव्वा सेकंद मागे. म्हणजे कांस्यपदक याच सव्वा सेकंदावर ठरलं. पण तिची ही वेळ म्हणजे अमेरिकेचा नवा राष्ट्रीय विक्रमही होता आणि तो २००२ पर्यंत टिकला. आयुष्यातली सर्वांत वेगवान दहा हजार मीटर धावूनही ती टुलूच्या जवळपास चौदा सेकंद मागे होती; सपाट ट्रॅकवर एकसारख्या वेगाने सुटलेल्या धावपटूला गाठायला ना चढ मदतीला येतो, ना निसरडं वळण. माझ्या मते तिची खरी ताकद बॉस्टनला दिसली. बार्सिलोनाला दिसली ती तिची जिद्द.

मग क्रॉस कंट्रीचं ऑलिंपिक पदक का नाही? होतं, १९१२, १९२० आणि १९२४ ला. १९२४ च्या पॅरिस शर्यतीत उन्हाने इतके हाल केले की सुरुवात केलेल्या ३८ जणांपैकी १५ जणच शेवटपर्यंत पोहोचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, आणि त्यानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. म्हणूनच जेनिंग्जची तिन्ही जगज्जेतेपदं ऑलिंपिक पदकांच्या यादीत सापडत नाहीत. १९९६ ला अटलांटात ती पाच हजार मीटरमध्ये नववी आली, आणि त्याच वर्षी तिने राष्ट्रीय क्रॉस कंट्रीचं नववं विजेतेपद जिंकलं.