पाळत वेगळी, माग वेगळा

सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मुलं कॉट बेसिसवर राहतात. त्यांतला एक, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, गेल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला माझ्या दारात उभा होता. डोळे लाल, रात्रभर झोप नाही. "काकू, तुम्ही वकील आहात म्हणून विचारतो. आपण नेटवर काय विचारतो ते पोलीस बघत असतात का हो?"

त्याने मोबाईल पुढे केला. सर्चच्या चौकटीत अर्धवट वाक्य होतं : 'एमडी घेतल्यावर डिप्रेशनची गोळी'. एमडी म्हणजे मेफेड्रोन, नशेचा पदार्थ. रात्री दोनपासून ते त्याने चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं होतं. घेणारा हा नव्हता, शेजारच्या कॉटवरचा मुलगा होता. त्याचं अंग तापलं होतं, हात थरथरत होते आणि तो काहीबाही बडबडत होता.

आधी रिक्षा, मग उत्तर. आत त्या मुलाची तपासणी चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून मी याला जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. एका भीतीपायी याचे साडेचार तास गेले होते, आणि ती भीती मला अशिलांमध्ये, त्यांच्या आईवडिलांमध्ये सारखी दिसते.

त्याच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते. आत्ता, मी लिहीत असताना, कुणी बघतंय का? ही झाली पाळत. आणि पुढे कधी काही घडलंच, तर मागे जाऊन हे मी लिहिलं होतं हे कुणी शोधून काढू शकेल का? हा झाला माग. शेतात चोर शिरला की सकाळी पावलं बघत जातात ना, तसा. लोक पाळतीला घाबरतात आणि मागाबद्दल बेफिकीर असतात. खरं तर उलट हवं.

पाळतीचं आधी. एखाद्याचे खासगी संदेश किंवा इंटरनेट चालू असताना टिपायचं असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ लागतं. २००९च्या नियमांप्रमाणे त्यासाठी सर्वसाधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश हवा. तो ६० दिवस चालतो आणि वाढवून वाढवून फार तर १८० दिवस. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने ज्या दहा यंत्रणांना हे अधिकार दिले, त्यांत अमली पदार्थांचा तपास करणारी एनसीबीही आहे. म्हणजे अधिकार आहे, पण तो लेखी आदेश काढून वापरायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याचं वजन इथे कळतं. हे आदेश न्यायाधीश नव्हे, सरकारच देतं आणि फेरतपासणीही सरकारी समितीच करते, हे मला मुळीच पसंत नाही. तरीही रात्री दोन वाजता घाबरून प्रश्न टाइप करणाऱ्या पोरासाठी कुणी गृहसचिवांची सही घ्यायला जात नाही.

सगळ्यांना दिसेल असं जे लिहिलेलं असतं, ते वाचायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. तुम्ही वाचता तसं पोलीसही वाचतात. डार्कनेट (इंटरनेटचा लपलेला भाग) आणि क्रिप्टो चलनावर लक्ष ठेवायला खास कृती दल आहेच. जून २०२३ मध्ये एनसीबीने जवळपास १५ हजार एलएसडी ब्लॉट (नशेचं द्रव्य लावलेले कागदाचे तुकडे) पकडले, ते इंटरनेटवरून विकणाऱ्या टोळीकडून. ही नजर विक्रेत्यावर असते. 'माझ्या मित्राला काय होतंय' असं विचारणाऱ्याकडून त्यांना मिळणार काय?

आता माग. इथे जरा थांबून बोलावं लागतं, कारण माग काढायला फारसं काही लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी तपासाच्या कायद्याच्या, कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी स्वतःच्या सहीने कंपनीकडून नोंदी मागवू शकतो. गृहसचिव नाहीत, समिती नाही. आणि नोंदी असतातच. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कुठला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) कधी कुणाला दिला होता ते किमान दोन वर्षं जपावं लागतं. मोबाईलवर एकच पत्ता एका वेळी अनेकांमध्ये वाटलेला असतो, म्हणून नुसत्या पत्त्यावरून माणूस कळत नाही, पण वेळ आणि पोर्ट क्रमांक (प्रत्येक जोडणीला दिलेला वेगळा क्रमांक) जुळवला की कळतो. एखाद्या संकेतस्थळावरचं खातं बंद केलं, तरी नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवण्याचं बंधन माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१च्या नियमांत आहे. व्हीपीएन (आपला आयपी पत्ता झाकणारी सेवा) घेतला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे एप्रिल २०२२चे निर्देश बघावेत : ग्राहकाची माहिती पाच वर्षं जपा. त्यामुळेच काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

"मी इनकॉग्निटोमध्ये लिहीत होतो पण," तो म्हणाला. इनकॉग्निटोमुळे फक्त आपल्या फोनमध्ये इतिहास राहत नाही. कंपनीच्या बाजूला तो राहू शकतो. आणि त्याने जे पुसलं, त्याचंही तसंच. टाइप करताना खाली सुचवण्या उमटत होत्या ना? आपली अक्षरं तिकडे पोचल्याशिवाय अशा सुचवण्या सहसा येत नाहीत.

माग किती साधा असतो, याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सिल्क रोड हा अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार २०११ साली सुरू झाला. टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याच्या पडद्यामागे चालायचा, पैसे बिटकॉइनमध्ये. तो चालवणाऱ्या रॉस उलब्रिक्टपर्यंत करखात्याचा एक तपासनीस पोचला तो साध्या गुगल सर्चवरून. सुरुवातीच्या दिवसांत एका टोपणनावाने बाजाराची जाहिरात झाली होती, आणि त्याच टोपणनावाने पुढे दुसरीकडे कामाला माणूस हवा म्हणून लिहिताना त्याने स्वतःच्या नावाचा ईमेल दिला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ग्रंथालयात तो पकडला गेला. ते लिहिलं तेव्हा त्याच्यावर कुणाचीही पाळत नव्हती.

आपल्याकडचा माग तर बहुतेक वेळा इंटरनेटवर सुरूच होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात सोमवार पेठेत थोडा माल सापडला. तिथून विश्रांतवाडीचं गोदाम, तिथून कुरकुंभ एमआयडीसीतला कारखाना आणि पुढे थेट दिल्ली. दीड हजार किलोंहून जास्त मेफेड्रोन, म्हणजे हेच ते एमडी, हाती लागलं. माणसामागून माणूस गाठत गेले.

व्हॉट्सॲपबद्दलही हाच गोंधळ. २०२० मध्ये चित्रपटसृष्टीतल्या प्रकरणात चॅट टीव्हीवर झळकले, आणि 'सरकार व्हॉट्सॲप वाचतं' असं घरोघरी झालं. ते संदेश वाटेत कुणी वाचलेले नव्हते, तपासात हाती आलेल्या फोनमधून निघाले होते. वाटेवरचं कुलूप शाबूत असलं तरी घरातली पेटी उघडी असू शकते. शिवाय चॅट सापडणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. २०२१च्या क्रूझ प्रकरणात जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने कटाचा निष्कर्ष निघावा असं त्या चॅटमध्ये काही आढळत नसल्याचं म्हटलं होतं.

मग विचारायचं की नाही? विचारायचं. १९८५चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, हे पदार्थ बाळगणं, विकणं, सेवन करणं यांना गुन्हा म्हणतो. धोका काय, हे विचारणं गुन्हा नाही. सेवनाचा गुन्हा असला, तरी त्याच कायद्याचं कलम ६४अ व्यसनी माणसाला वाट देतं : सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी आपणहून उपचार घेऊन ते पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबद्दल खटल्यापासून संरक्षण मिळतं. मित्रासाठी औषध-धोका विचारणं एकीकडे, आणि 'कुठे मिळेल, कुणाकडे आहे' हे लिहिणं दुसरीकडे. या दुसऱ्या प्रकारच्या लिहिण्याचा माग खरोखर महागात पडतो.

दोन क्रमांक मी त्याच्या फोनमध्ये घातले, कारण त्यांचीही गल्लत होते. १९३३ हा एनसीबीचा, मुख्यतः अमली पदार्थांच्या व्यापाराची खबर देण्यासाठी. १४४४६ हा व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी. आणि येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून.

इतक्यात डॉक्टर बाहेर आल्या. "कुणाबरोबर आलाय तो? काय घेतलंय, किती वाजता, आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

तो माझ्याकडे बघायला लागला. अशा केसची नोंद रुग्णालय पोलिसांकडे पाठवू शकतं, हे मी त्याला रिक्षातच सांगितलं होतं. खोटा धीर द्यायचा नव्हता. त्याने खिशातून गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली, डॉक्टरांच्या हातात दिली आणि म्हणाला, "एमडी. साडेबाराच्या सुमारास. किती ते माहीत नाही, पण उरलेली पुडी मी सोबत आणलीय."