टंचाई आणि निर्णय : वर्तणूक अर्थशास्त्रातील दारिद्र्यविचार

हातात पैसा तुटपुंजा असताना माणसे औषध, जेवण, उधारी आणि बचत यांचे निर्णय कसे घेतात, याचा अभ्यास. वर्तणूक अर्थशास्त्राची, म्हणजे माणसे प्रत्यक्षात कशी वागतात हे पाहणाऱ्या अर्थशास्त्राची, ही शाखा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढली. मुख्य प्रश्न जुनाच आहे : गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, की गरीब असल्यामुळे त्याचे निर्णय चुकतात?

पाठ्यपुस्तकातला माणूस पक्का हिशेबी असतो. या समजुतीला हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात हादरा दिला. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गमावल्याचे दुःख मोठे असते, ही गोष्ट डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये सिद्धान्तात बसवली. कानेमन यांना २००२ मध्ये आणि रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले. सुरुवातीला हा विचार बहुतांशी सुखवस्तू लोकांच्या गुंतवणुकीभोवती फिरत होता.

दारिद्र्याच्या बाजूने सर्वांत गाजलेला अभ्यास तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफिर आणि जियायिंग झाओ यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. उसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात. त्यामुळे तोच शेतकरी तोडणीआधी कंगाल आणि तोडणीनंतर बरा असतो. दोन्ही वेळी त्याला सारख्याच बौद्धिक चाचण्या दिल्या, तर तोडणीआधीचे गुण स्पष्टपणे कमी भरले. माणूस बदलला नव्हता, फक्त डोक्यात हप्त्यांचा घोर बसला होता. उलट, २०१६ मध्ये अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर केलेल्या अशाच चाचण्यांत फरक आढळला नाही, आणि वाद सुरू झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते महिनाअखेरची ओढ आणि वर्षाची ओढ यांना एकाच मापाने मोजणे मुळातच धाडसाचे आहे. ओडिशात पत्रावळी लावणाऱ्या कामगारांना मजुरीचा काही भाग आधी दिल्यावर त्यांचे काम सुमारे ७ टक्क्यांनी वाढले आणि चुकाही कमी झाल्या. पत्रावळ लावताना हात चालतो, पण पान कुठे जोडायचे ते मनाला ठरवावे लागते.

गोव्याच्या संदर्भात हा विषय काढला की ‘आमच्याकडे गरिबी कुठे आहे?’ असे हमखास ऐकू येते. तेंडुलकर समितीच्या दारिद्र्यरेषेने मोजले तर २०११-१२ साली गोव्यातील दारिद्र्य ५.०९ टक्के, म्हणजे राज्यांत सर्वांत कमी होते. आकडा खरा आहे, पण तो वर्षाचा हिशेब सांगतो, आषाढाचा नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा धंदा मंदावतो. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले, ट्रक दारात उभे राहिले, बँकेचा हप्ता मात्र चालूच राहिला. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली की पसऱ्यावरची (वाण्याच्या दुकानातली) उधारी, मुलांची फी आणि म्हाताऱ्यांच्या गोळ्या एकाच पाकिटातून निघतात. त्यात प्रथम कापल्या जातात त्या गोळ्या.

यावर लोकांनी स्वतःचे उपाय शोधलेले आहेत, आणि ते अर्थतज्ज्ञांहून जुने आहेत. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, हा त्यातला नमुनेदार. मे महिन्यात हातात पैसा असतानाच सुकी मासळी, मिरच्या, कांदे, सोलं, चिंच भरून ठेवायची. मडगावच्या बाजारात बाई सुक्या बांगड्याची शेपटी मोडून बघते, नाकाला लावते, मगच भाव करते. घरी आलेली मासळी जुलैत दुसऱ्या कशावर उधळता येत नाही, आणि खरी बचत तीच. पिग्मीचे तत्त्वही असेच. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत एजंट रोज दारात येऊन पन्नास-शंभर रुपये नेतो. व्याज बेताचेच, मुदतीआधी मोडल्यास कपात. कागदावर तोट्याचा वाटणारा हा सौदा भाजीवाली आनंदाने करते, कारण तिला स्वतःच्याच हातापासून पैसा वाचवायचा असतो.

आरोग्याच्या क्षेत्रात उदयपूर जिल्ह्यातील लसीकरणाचा प्रयोग (२०१०) पायाभूत मानतात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी १३४ गावांत तो केला. काही न करता पूर्ण लसीकरण ६ टक्के, नियमित शिबिरे भरवल्यावर १८, आणि प्रत्येक लशीमागे किलोभर डाळ, शेवटी ताटांचा संच दिल्यावर ३९. डाळीची लालूच कशाला, असा आक्षेप आला. पण शिबिरातील परिचारिकेचा पगार ठरलेला असल्याने मुले वाढली आणि एका मुलामागचा खर्च उलट घटला. बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव थोडे घरचे वाटते. २०१९ चे नोबेल बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना विभागून मिळाले.

गोव्यात आजचा प्रश्न लशीचा नसून मधुमेहाचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांतील प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक निघाले. साखर आज दुखत नाही, त्यामुळे गोळी उद्यावर ढकलता येते. २०१६ च्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्याला चार लाखांपर्यंत संरक्षण मिळते. पण बांबोळीला, सरकारी इस्पितळात, जाण्यात बुडणारी रोजंदारी कुठल्याच कार्डावर भरून निघत नाही.

पैसा घरात येतो यापेक्षा तो कोणाच्या हातात येतो हे महत्त्वाचे, असे डफ्लो यांनी २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वृद्धवेतनावरून दाखवले : आजीला पैसे मिळाले की नातींचे वजन सुधारले, आजोबांना मिळाले तर नाही. गोव्याची गृह आधार योजना (२०१२, पुढे दरमहा १,५०० रुपये) थेट गृहिणीच्या खात्यात जाते, हे या दृष्टीने लक्षणीय. पोर्तुगीज काळच्या कायद्याने बायकोला अर्धी मालमत्ता कागदावर दिलीच आहे, पण रोजचा बाजार अर्ध्या मालमत्तेवर होत नाही.

या सगळ्याची मनावर पडणारी छाया गोव्यातच मोजली गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७० मातांची पाहणी केली होती. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होते. आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेले नाते आणि मुलगी होणे ही त्यामागची कारणे होती. पुढे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना समुपदेशक म्हणून तयार करून दवाखान्यांत बसवण्यात आले. २०१० च्या निष्कर्षांनुसार सरकारी आरोग्य केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, खासगी डॉक्टरांकडे फरक दिसला नाही. तिथे डॉक्टर घरची चौकशी आधीपासूनच करत असावेत.