आपल्या खेळाचं सगळं एका ॲपमध्ये: काम देण्यापूर्वी हे वाचा

हंगाम जवळ आला की आमच्याकडे, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांकडे, चौकशीला माणसं येतात. कधी तालमीचे पदाधिकारी, कधी मैदानावर फोटो काढणारा एखादा तरुण, कधी वर्षानुवर्षं स्थानिक खेळांच्या बातम्या देणारा पत्रकार. मागणी बहुतेक वेळा एकच असते: "आमच्या खेळाचं जिथं जिथं काही येतं, ते सगळं एका जागी दिसलं पाहिजे." असं ॲप कसं बनतं, कुठं अडतं आणि त्यात तुमच्या वाट्याला कोणतं काम येतं, हे आधीच कळावं म्हणून हे पत्रक. उदाहरण कोल्हापूरच्या फुटबॉलचं घेतलं आहे, कारण शाहू स्टेडियमची गॅलरी आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीचं ॲप करायचं असेल तरी यातलं बहुतेक तसंच लागू पडेल.

मजकूर येतो कुठून

काही वृत्तसंस्थळं आपल्या नव्या बातम्यांची यादी स्वतःहून यंत्राला वाचता येईल अशा रूपात ठेवतात. तिला आरएसएस म्हणतात. ती वाचणं सोपं आणि सरळ आहे. यूट्यूबसारख्या ठिकाणी दार आहे, पण आत शिरायचे नियम त्यांचे. तिसरा मजकूर इंटरनेटवर धड नसतोच: उद्याचा सामना पुढं ढकलला हे सांगणारा व्हॉट्सॲपवरचा कागदाचा फोटो, मैदानाबाहेरच्या फळ्यावर लिहिलेली वेळ, सरावात कुणाच्या गुडघ्याला लागलं ही गल्लीतली खबर. समर्थकाला सगळ्यात जास्त हवा असतो तो हाच मजकूर, आणि कोणतंही सॉफ्टवेअर तो आपोआप आणून देऊ शकत नाही. त्यासाठी तुमच्याकडचा एक माणूस लागतो. पहिल्याच भेटीत आम्ही हे स्पष्ट सांगतो, कारण ॲप घेतलं की ते स्वतःच चालेल असं समजून आलेले ग्राहक पुढं निराश होतात.

खंडोबा शोधलं आणि जेजुरी आली

संघाचं नाव टाकायचं आणि त्या नावाच्या बातम्या उचलायच्या, एवढं तर सोपं असेल असं वाटतं. आम्हीही सुरुवातीला असंच केलं. खंडोबा तालीम मंडळ या फुटबॉल संघासाठी 'खंडोबा' हा शब्द दिला, तर जेजुरीच्या सोमवती यात्रेच्या बातम्या आल्या. शिवाजी तरुण मंडळासाठी 'शिवाजी' दिला, तर विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक आलं. बालगोपालच्या पानावर दहीहंडी आली. प्रॅक्टिस क्लबचं तर विचारूच नका, कुणीही सराव केला की बातमी त्यांच्या पानावर.

उलट बाजूनंही तोच घोळ. पाटाकडील तालीम मंडळाला एक बातमीदार 'पाटाकडील' लिहितो, दुसरा 'पीटीएम', तिसरा 'पी.टी.एम.', आणि 'अ' व 'ब' असे दोन संघ असले की कुणी ते अक्षर लिहितं, कुणी गाळतं. म्हणून प्रत्येक संघासाठी आम्ही ओळखपत्रासारखी एक नोंद तयार करतो. संघाची सगळी नावं, टोपणनावं, शुद्धलेखनाचे प्रकार, सोबत हमखास येणारे शब्द (गोल, पूर्वार्ध, टायब्रेकर, शाहू स्टेडियम) आणि सोबत येताच कामा नयेत असे शब्द (यात्रा, परीक्षा, प्रवेश) असं सगळं तिच्यात असतं. ही नोंद कार्यालयात बसून भरता येत नाही. तुमच्यातल्या जुन्या जाणत्या माणसासोबत दोन-तीन तास बसावं लागतं, आणि आमच्या अनुभवात संपूर्ण कामातले हे सर्वात मोलाचे तास असतात.

खेळाडूंचंही तसंच. अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात खेळला, तेव्हा कोल्हापुरातल्या प्रत्येकाला त्याची प्रत्येक बातमी हवी होती. पण 'अनिकेत जाधव' या नावाची माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. खेळाडूचं पान करायचं तर नावासोबत संघ, जागा आणि वर्षं जोडावीच लागतात.

यात मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. ती परगावच्या मोठ्या कंपन्यांच्या लक्षातही येत नाही. 'ॲप' या शब्दातला पहिला स्वर संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, दुसरा 'अ'वर चंद्र देऊन. 'दुसऱ्या' किंवा 'खेळणाऱ्या' यातल्या आखूड आडव्या 'र'चंही तेच. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. त्यामुळे 'दुसऱ्या फेरीत' असं शोधलं तर निम्म्या बातम्या सापडतच नाहीत. आम्ही मजकूर साठवण्याआधी असे सगळे प्रकार एका रूपात आणतो. मंडळांची काही प्रसिद्धिपत्रकं अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप होऊन येतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर सारख्या वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावी लागतात, नाहीतर पडद्यावर निव्वळ गिचमिड दिसते.

एक सामना, एक पान

एकाच सामन्याचा वृत्तांत पाच ठिकाणी येतो. तो पाचदा दाखवला की वाचणारा कंटाळतो आणि ॲप काढून टाकतो. मथळे ताडून पाहण्यापेक्षा आम्हाला एक साधी युक्ती जास्त उपयोगी पडली: आमच्या रचनेत मूळ गोष्ट बातमी नाही, सामना आहे. दोन संघ आणि एक तारीख जुळली की त्या सामन्याचं एक पान तयार होतं. वृत्तांत, व्हिडिओ, फोटो, गोल करणाऱ्यांची नावं, सगळं त्या पानाखाली जाऊन बसतं. दुबईत नोकरी करणारा पेठेतला मुलगा रात्री फोन उघडतो, तेव्हा त्याला एका पानात सामना कळतो. सामन्याची वेळही त्याला तिथल्या घड्याळाप्रमाणे, आपल्यापेक्षा दीड तास मागची दिसते.

यूट्यूबबद्दल थोडं. त्यांच्या एपीआयला, म्हणजे दुसऱ्या ॲपनं त्यांच्याकडून माहिती मागायच्या दाराला, रोज १०,००० एककांची मर्यादा असते. एका शोधाला १०० एककं खर्च होतात, तर एखाद्या चॅनलवर नवं काय चढलं ती यादी वाचायला फक्त १. प्रत्येक फोननं स्वतः शोध घेतला तर शंभराव्या शोधाला दिवसाचा कोटा संपतो. म्हणून आमचा सर्व्हर ठरलेल्या चॅनलांच्या याद्या ठरावीक अंतरानं वाचतो आणि सगळ्या फोनना तीच माहिती पुरवतो. व्हिडिओ यूट्यूबच्याच प्लेअरमध्ये चालतो, त्यांच्या जाहिरातींसह. तो डाउनलोड करून स्वतःच्या ॲपमध्ये ठेवून द्या, अशी मागणी आम्ही स्वीकारत नाही.

दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं

कॉपीराइट कायदा १९५७ पासून आहे आणि तो ॲपलाही लागू आहे. आम्ही मथळा, आमच्या शब्दांत दोन ओळी आणि मूळ बातमीकडे जाणारी लिंक एवढंच दाखवतो. पूर्ण मजकूर हवा असेल तर त्या वृत्तपत्राची लेखी परवानगी आणा. फोटोंच्या बाबतीत आमचा आग्रह अधिक आहे. भर उन्हात रेषेबाहेर बसून कुणीतरी तो क्षण टिपलेला असतो. त्याचं नाव फोटोखाली आलंच पाहिजे, आणि जमेल तिथं त्याला मानधनही द्या.

धावसंख्या किंवा गोलसंख्या ही कुणाच्या मालकीची, हा वाद क्रिकेटच्या निमित्तानं दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. घडून गेलेल्या गोष्टीच्या माहितीवर मालकी सांगता येत नाही, असं मत खंडपीठानं २०१३ साली दिलं. प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. आमचा सल्ला साधा आहे: आपला माणूस मैदानात बसवा आणि गोल त्यानंच नोंदवावा. त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

पैसे लावून खेळायच्या खेळांची किंवा त्यांच्या जाहिरातींची सोय आम्ही करून देत नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं अशा ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली आहे. बंदी येण्याआधीही आम्ही नकारच देत होतो, कारण गॅलरीत बसणारी निम्मी पोरं शाळकरी असतात.

त्याच कारणानं आमच्या ॲपमध्ये संघ निवडायला खातं उघडावं लागत नाही, फोन नंबरही द्यावा लागत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक मानला आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती लागते. जी माहिती घेतलीच नाही, ती सांभाळायची जबाबदारी येत नाही.

प्रतिक्रियांची खुली जागा ठेवावी का, असं प्रत्येक ग्राहक विचारतो. आमचं मत: पहिल्या हंगामात नको. पेठांची ईर्षा हा या खेळाचा जीव आहे, पण ती पडद्यावर उतरली की रात्री अकराला कुणीतरी काहीतरी लिहितं आणि सकाळी ते चौकात पोचलेलं असतं. शिवाय लोकांचं लिखाण प्रसिद्ध करायचं तर तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. हे सांभाळणारा माणूस तुमच्याकडे असेल, तर दुसऱ्या वर्षी पाहू.

गोलची सूचना

समर्थक ॲप ठेवतो ते मुख्यतः यासाठी. एका सामन्यात आमच्या ॲपवरून गोलची सूचना गेली आणि मिनिटभरानं पंचांनी ऑफसाइड देऊन तो गोल रद्द केला. शेकडो लोकांना चुकीची खबर आमच्यामुळे मिळाली, याचं आम्हाला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून मध्यरेषेवरून खेळ पुन्हा सुरू झाल्याशिवाय गोलचं बटण दाबायचं नाही, असा नियम आहे. तरीही चूक झालीच तर दुरुस्तीची सूचना त्याच लोकांना, तितक्याच ठळकपणे जाते. सूचना तीनच प्रकारच्या ठेवा: गोल, निकाल, सामन्याच्या वेळेतला बदल. अँड्रॉइड १३ पासून सूचनांसाठी वापरणाऱ्याची परवानगी मागावी लागते. उगीच सूचना पाठवत राहिलात तर लोक ती परवानगी काढून घेतात आणि मग गोलही पोचत नाही.

स्टेडियम भरलं की मोबाइलचं नेटवर्क मंदावतं. मैदानावरच्या माणसाचं ॲप म्हणूनच वेगळं असतं. त्यात चित्रं नाहीत, चार बटणं आहेत, आणि नेटवर्क गेलं तरी नोंद फोनमध्ये राहून मिळेल तेव्हा पुढं जाते.

खाती, तारखा आणि देखभाल

ॲप आम्ही फ्लटर या साधनात लिहितो. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही होतात. स्टोअरची खाती मात्र तुमच्या मंडळाच्या किंवा संस्थेच्या नावानं उघडा, आमच्या नावानं नको. उद्या तुम्ही दुसऱ्या कुणाला काम दिलंत तरी ॲप तुमचंच राहिलं पाहिजे. गूगलला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर लागतात. गूगलवर नवं वैयक्तिक खातं असेल तर आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ॲपची चाचणी घ्यावी लागते. संस्थेच्या खात्याला ती अट नाही, पण त्यासाठी संस्थेचा डन्स (D-U-N-S) क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, काढावा लागतो आणि त्यात वेळ जातो. लीगचा पहिला सामना ज्या दिवशी, त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे आलात तर आम्हाला नाही म्हणावं लागेल.

एखाद्या संस्थळानं आपली मांडणी बदलली की तिथला मजकूर येणं गुपचूप बंद पडतं. सामन्याच्या दिवशी एखाद्या स्रोताकडून काहीच आलं नाही, तर आमच्याकडे इशारा वाजतो आणि आम्ही दुरुस्त करतो. देखभालीचा करार याच कामासाठी असतो आणि तो हंगामापुरताही करता येतो.

पहिल्या भेटीला येताना संघांची यादी, मागच्या हंगामाचं वेळापत्रक, तुम्ही स्वतः रोज पाहता त्या चॅनलांची आणि पानांची नावं आणा. आणि मैदानावर सगळ्या सामन्यांना बसणार असेल त्या मुलाला सोबत घेऊन या. आम्हाला आधी त्याच्याशीच बोलायचं असतं.