‘द नटी प्रोफेसर’चा दुसरा भाग: बडी लव्हचा जुना वंश

‘नटी प्रोफेसर टू: द क्लम्प्स’ २८ जुलै २००० रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. शर्मन क्लम्प हा अतिशय लठ्ठ, भिडस्त आणि मनाने निर्मळ शास्त्रज्ञ. त्याच्याच देहात बडी लव्ह नावाचा सडपातळ, उद्धट इसम दडलेला. पहिल्या भागाच्या शेवटी शर्मनने त्याच्यावर मात केली होती, पण इथे तो पुन्हा डोकं वर काढतो, तेही शर्मन सहकारी डेनिसला लग्नाची मागणी घालत असताना. बहुतेकांना हा चित्रपट आठवतो तो एडी मर्फीच्या आचरट विनोदांसाठी. त्यात एक खरोखर चांगली कल्पना आहे आणि तिचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात स्कॉटलंडमधल्या एडिनबरोची. विल्यम ब्रोडी हा तिथला प्रतिष्ठित सुतार, नगर परिषदेचा सदस्य. दिवसा श्रीमंतांच्या घरी कपाटं आणि कुलपं बसवायची आणि रात्री तीच घरं फोडायची, असा त्याचा उद्योग. १७८८ मध्ये तो फासावर गेला. त्याच शहरात वाढलेल्या लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या लहानपणच्या खोलीत ब्रोडीच्या हातचं एक कपाट होतं. पुढे त्याने ब्रोडीवर मित्राबरोबर नाटकही लिहिलं आणि १८८६ मध्ये डॉ. जेकिल आणि मि. हाइड यांची छोटी कादंबरी आली. सभ्य डॉक्टर जेकिल एक औषध पितो आणि दुष्ट हाइड बनतो, ही ती कथा. त्यातला हाइड जेकिलपेक्षा ठेंगणा आहे, जेकिलचे कपडे त्याला ढगळ होतात. जेकिलने आयुष्यभर आपली वाईट बाजू दाबून ठेवली, म्हणून ती खुरटलेली, हे स्टीव्हन्सनचं स्पष्टीकरण मला आजही विलक्षण वाटतं.

लवकरच कथा रंगभूमीवर गेली, मग पडद्यावर. १९३१ च्या चित्रपटात फ्रेडरिक मार्चचा चेहरा कॅमेऱ्यासमोर, एकही कट न घेता बदलतो. मेकअप विशिष्ट रंगांत केलेला होता आणि त्याच रंगाचं फिल्टर भिंगासमोर असेपर्यंत कृष्णधवल फिल्मवर तो दिसतच नसे. फिल्टर सरकवलं की सुरकुत्या उमटू लागत. त्या वर्षीच्या अभिनयाच्या ऑस्करचा मार्च एक मानकरी होता. आपल्याकडे संजीव कुमारने १९८१ च्या ‘चेहरे पे चेहरा’मध्ये हीच भूमिका केली. या आणि अशा बहुतेक अवतारांत दुसरा माणूस म्हणजे अक्राळविक्राळ पशू असायचा.

हे समीकरण अमेरिकन विनोदी अभिनेता जेरी लुईसने १९६३ मध्ये उलटं केलं. ‘द नटी प्रोफेसर’ त्याने स्वतः दिग्दर्शित केला. त्यातला ज्युलियस केल्प दात पुढे आलेला, किरट्या आवाजाचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक. तो औषध पितो, प्रयोगशाळेत तडफडतो आणि आपण भयानक काहीतरी बघायच्या तयारीत बसतो. मग कॅमेरा त्याच्या डोळ्यांनी रस्त्यावरून नाइटक्लबकडे निघतो. आपल्याला दिसतात फक्त थबकून बघणारे लोक. शेवटी चेहरा समोर येतो तर गुळगुळीत केसांचा, झकपक सुटातला बडी लव्ह! हाइड देखणा असू शकतो, लोक त्याच्यावर भाळू शकतात, हा विचार मूळ कथेइतकाच धारदार आहे. बडी म्हणजे लुईसचा विनोदी जोडीतला जुना जोडीदार, गायक-अभिनेता डीन मार्टिन, असं अनेकांनी म्हटलं. लुईसने ते कायम नाकारलं.

१९९६ मध्ये त्याच नावाच्या नव्या चित्रपटात, म्हणजे शर्मनच्या पहिल्या भागात, एडी मर्फीने ही भूमिका घेतली, लुईस कार्यकारी निर्माता होता. इथे न्यूनगंडाचं कारण लठ्ठपणा झालं आणि विनोदाखाली खरं दुःख आलं. सोबत शर्मनचं कुटुंबही आलं: आई, वडील, आजी, भाऊ, सगळे मर्फीच. जेवणाच्या टेबलाच्या प्रसंगात एकेका पात्राचा मेकअप चढवून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित केला आणि प्रतिमा नंतर जुळवल्या. इतकी माणसं एकमेकांचं बोलणं तोडत भांडतात, तरी सगळ्यांच्या नजरा बिनचूक जुळतात. रिक बेकर आणि डेव्हिड लीरॉय अँडरसन यांना या मेकअपसाठी ऑस्कर मिळालं.

दुसऱ्या भागापर्यंत औषधाच्या बाटलीची जागा जनुकांनी घेतली होती. क्लोनिंगने, म्हणजे दुसऱ्या मेंढीच्या पेशीपासून तिची जनुकीय प्रत म्हणून घडवलेली डॉली मेंढी पहिला भाग प्रदर्शित झाल्यानंतर आठवड्याभरात, ५ जुलै १९९६ रोजी जन्मली, आणि तीही एडिनबरोजवळच्या रोझलिन संस्थेत. मानवी जनुकसंचाचा पहिला कच्चा आराखडा २६ जून २००० रोजी जाहीर झाला, म्हणजे दुसऱ्या भागाच्या महिनाभर आधी. त्या दिवसांच्या वातावरणात शर्मन ठरवतो की बडीचं जनुक काढूनच टाकायचं. तो ते काढतो, त्यात कुत्र्याचा केस मिसळतो आणि बडी वेगळा देह धारण करून उभा राहतो. चेंडू फेकला की त्याला राहवत नाही. इथवर गंमत आहे. पण बडी वेगळा झाल्यापासून शर्मनची बुद्धी हळूहळू ओसरू लागते. नकोसा भाग उपटला की हवाहवासा भागही त्याच्याबरोबर जातो! स्टीव्हन्सनच्या जेकिललाही दोन्ही बाजू सुट्या करायच्या होत्या, आणि ते त्याला जमलं नाही. ही कल्पना त्या जेकिलच्या अगदी जवळची आहे.

दुर्दैवाने पीटर सीगलने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट या कल्पनेपाशी पुरेसा थांबत नाही. नावातच क्लम्प्स आहेत आणि पडद्यावरही तेच पसरले आहेत. प्रचंड हॅमस्टरचा (उंदरासारख्या पाळीव प्राण्याचा) प्रसंग तर केवळ ओंगळ आहे. मर्फी मात्र थक्क करतो, विशेषतः घाबरलेल्या, शब्द हरवत चाललेल्या शर्मनच्या रूपात. सुरुवातीच्या आठवड्याअखेरीस चित्रपटाने चार कोटी डॉलरच्या वर कमाई केली, पण जगभरची एकूण कमाई पहिल्या भागापेक्षा बरीच कमी राहिली. मेकअपच्या ऑस्करसाठी क्लम्प कुटुंबाला नामांकन मिळालं नाही. रिक बेकरला त्या वर्षीही ऑस्कर मिळालं, पण ते ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’साठी.